अण्णा उंबऱ्याशी झोपायचे

कोयनाकाठ लिहितो:

अण्णा जाऊन आज महिना झाला. वय ८१. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि रात्री दार लावताना लक्षात आलं की उंबऱ्याजवळची जागा मोकळी पडलीय.

अण्णा गेली ४५ वर्षं घराच्या दाराशीच झोपले. दाराला लागून आतल्या अंगाला सतरंजी, त्यावर घोंगडी. उजव्या हाताला बॅटरी. पायथ्याशी बूट, नाड्या सैल करून, तोंड दाराकडं. रात्री उठायची वेळ आली तर पाय सरळ बुटात आणि हात बॅटरीवर. माजघरात पलंग होता, मी नोकरीला लागल्यावर गादीही आणली. त्या गादीवर पाहुणे झोपले, नातवंडं नाचली, अण्णा नाही झोपले. लहानपणी मला वाटायचं की फौजी माणसं अशीच झोपतात. खरं कारण फार उशिरा कळलं. ते नीट लिहून ठेवावं म्हणून हा धागा काढतोय.

अण्णा १९६३ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. ६२ च्या चीन युद्धानंतर भरती जोरात होती, आमच्या पाटण तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून पोरं बेळगावला गेली. कसम परेड झाली आणि त्यांना पहिली बटालियन मिळाली, म्हणजे जंगी पलटण. पलटण १७६८ सालची. अण्णांचं शिक्षण सातवी, पण हा आकडा ते स्वतःच्या जन्मसालाआधी सांगायचे. १९६६ ला लग्न झालं. लग्नानंतर २६ दिवसांनी सुट्टी संपली.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनेचा भूकंप.

माझी थोरली बहीण, आमची तायडी, तेव्हा सात महिन्यांची होती. आई सांगते, आधी जमिनीखालून भरलेला ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि मग घर हललं. घर म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर कौलं, आमच्याकडं सगळ्यांचीच घरं तशी. आईनं तायडीला उचललं, अंगणात धुणं वाळत घालायच्या दगडावर ठेवलं आणि परत आत गेली, कारण आजी आत राहिली होती. मागची भिंत आजीच्या पायावर आली होती. अंधारात हातानं एकेक दगड काढून आईनं आजीला ओढत बाहेर आणलं. आई तेव्हा १८ वर्षांची. आजीचा तो पाय पुढं कधी सरळ झाला नाही. आमच्या भागात पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली. कोयनानगरात तर उभं घर शोधावं लागत होतं.

अण्णांना हे कळलं ते लंगरमधल्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर. बातम्यांत ‘कोयना’ ऐकलं आणि हातातला मग तसाच राहिला. पलटणीत साताऱ्याकडची पोरं भरपूर, सगळी रेडिओभोवती गोळा झाली. पण रेडिओ गावाचं नाव सांगतो, घराचं सांगत नाही. घरचं पत्र पोचायला तेरा दिवस लागले. अण्णा एकदाच बोलले होते त्यावर, तेही माझ्या मुलीच्या बारशाला, सगळे हसत असताना: “तेरा दिवस मी सुतकात होतो बाळा. कुणाचं सुतक, तेवढं ठावं नव्हतं.”

ते पत्र शाळेतल्या गुरुजींनी लिहिलेलं. आईला अक्षरओळख नव्हती. अण्णांचं उत्तरही गुरुजींकडंच आलं आणि पत्र्याच्या शेडपुढं सगळ्यांसमोर वाचलं गेलं. ‘सर्वांस नमस्कार. मी खुशाल. मातोश्रींच्या पायास जपावे. घराचे सुट्टीत येऊन बघतो.’ जिनं आजीला बाहेर काढलं तिच्यासाठी त्यात एक ओळ नव्हती. कशी असणार? सगळ्या वाडीसमोर नवऱ्यानं बायकोला काय लिहायचं? आईला हे कळत होतं. तरी त्या दिवशी ती ओढ्यावर जाऊन रडली. हे तिनं मला आत्ता सांगितलं, अण्णा गेल्यावर.

फेब्रुवारीत अण्णा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आले. ओगलेवाडीच्या स्टेशनवर उतरले, तिथून एसटीनं पाटण, पुढं चालत. आल्याआल्या आजीच्या पायाशी बसले, मग पडलेल्या भिंतीकडं गेले. दिवसभर भिंत रचायची आणि संध्याकाळी शेडच्या पत्र्यावर कोळशानं आईला अक्षरं काढून दाखवायची, असा त्या दोन महिन्यांचा क्रम. ‘ग गणपतीचा’ वगैरे नाही. अण्णांनी तिला लागणारे शब्दच आधी शिकवले. तिचं नाव. तायडी. पाय. ताप. बरा. म्हैस. आणि ‘या’. वाडीतल्या बायका बघायला यायच्या, काही हसायच्या. अण्णा पत्रा पुसून परत लिहायचे.

पुढची पत्रं अण्णांनी मोठ्या अक्षरांत लिहिली, दोन शब्दांत बोटभर जागा सोडून, एका आंतर्देशीय पत्रात जेमतेम पाच ओळी. जसजशी आई वाचायला लागली तसतसं अक्षर बारीक होत गेलं. ही पत्रं एकाखाली एक ठेवली की आईचं शिक्षण डोळ्यांना दिसतं. ट्रंकेत अण्णांनी जपलेलं आईचं पहिलं कार्ड सापडलं, १९६८ च्या दिवाळीनंतरचं. त्यात एवढंच आहे: ‘पाय बरा. तायडी चालती. म्हस याली. या.’

मग १९७१. पलटण ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती, मेघालयाच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात उतरली. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. कमालपूर, बक्षीगंज करत जमालपूरपर्यंत. जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण ठाण मांडून होती आणि मध्ये ब्रह्मपुत्रेचं जुनं पात्र. अण्णांची पलटण नदी ओलांडून शहराच्या मागं, दक्षिणेला जाऊन बसली आणि ढाक्याकडची वाट बंद केली. १० डिसेंबरच्या रात्री शत्रू वेढा फोडून निसटायला निघाला आणि थेट पलटणीच्या अंगावर आला. पहाटेपर्यंत गोळीबार चालला. ११ तारखेला जमालपूर पडलं.

तारीख बघा. भूकंपाला त्या पहाटे बरोबर चार वर्षं होत होती.

अण्णा लढाईचं सांगत नसत असं नाही. विचारलं की सांगायचे, पण पलटणीचं सांगायचे, स्वतःचं नाही. नदी पार करायला तिथल्या गावकऱ्यांनी कशी मदत केली, थंडीत ओल्या कपड्यांनी खंदकात कसं बसलो, शेजारचा कोण कुठल्या गावचा. त्या पहाटेबद्दल त्यांचं स्वतःचं असं एकच वाक्य मी ऐकलंय: “उजाडायला लागलं तवा म्हणलं, आज अकरा तारीख. घरी ती जागी असंल.” आई खरंच जागी होती. भूकंपानंतर त्या तारखेला आमच्या वाडीत कुणी झोपतच नसे.

१९८० साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. वय ३६. बरोबरचे बरेच जण डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये (डीएससी), म्हणजे लष्करी ठिकाणांच्या पहाऱ्याच्या नोकरीत गेले, पगार परत सुरू झाला, पोरं शहरात शिकली. अण्णांनाही जाता येत होतं. मामांनी समजावलं, आजोबा रागावले. अण्णा म्हणाले, “एकदा घर पडलं तवा मी नव्हतो. आता पडंल तवा मी दारात असंन.” त्या रात्री त्यांनी उंबऱ्याशी सतरंजी टाकली.

याची किंमत आम्ही मोजली. चार एकर भात-नाचणी, दोन म्हशी आणि हवालदाराची पेन्शन, एवढ्यात तीन भावंडं. अकरावीला मला कॉलेजच्या गावात राहायचं होतं, खोलीचे पैसे नव्हते, रोज पहाटे दुधाच्या गाडीनं गेलो. त्या वयात मी अण्णांवर चिडून होतो. इतरांचे वडील नोकरीवर आणि आमचे घरात, याचा राग यायचा. तो मी त्यांना बोलूनही दाखवला. ते गप्प राहिले, दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीपर्यंत कंदील घेऊन सोडायला आले. नंतर दोन वर्षं रोज येत राहिले.

रात्री जेवणं झाली की अण्णा गिनती घ्यायचे. पलटणीत घेतात तशीच. तायडी एक, दादा दोन, मी तीन, आजी चार, आई पाच. कोयनेच्या पट्ट्यात अजूनही धक्के बसतात. बसला की बॅटरी लागायची, दार उघडं व्हायचं आणि अण्णांचा आवाज: “बाहेर! गिनती!” अंगणात उभं राहून आकडे म्हणायचे, पाच झाले की परत झोपायचं. पुढं सुना आल्या, नातवंडं झाली, आकडा अकरापर्यंत गेला. नातवंडांना तो खेळ वाटायचा. अण्णा मात्र शेवटचा आकडा ऐकेपर्यंत श्वास रोखून उभे असत, हे मी मोठेपणी पाहिलं.

४५ वर्षांत अण्णा एकदाच घराबाहेर झोपले. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे झालेला भूकंप. दुपारी बातमी कळली, रात्री तालुक्यातल्या तिघा माजी सैनिकांबरोबर अण्णा घोंगड्या आणि पहारी घेऊन ट्रकनं निघाले. निघताना मला दारात उभं केलं, बॅटरी हातात दिली, म्हणाले, “चार्ज घे.” मी १९ वर्षांचा. आठ रात्री मी उंबऱ्याशी झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो. रात्री अंगणात पान हललं तरी कळतं तिथं. चौथ्या-पाचव्या रात्री माझा अण्णांवरचा राग गेला. कसा गेला ते नाही सांगता येणार.

गेला महिना मी परत तिथंच झोपतोय. परवा कामावर पुण्याला जायचंय.

तुमच्या घरात असं कुणी फौजी होतं का? त्यांचं लढाईतलं राहू द्या, घरातलं सांगा.

---

शेवंती लिहिते:

अण्णांना आदरांजली. वाचून उठले, आईला फोन केला, मग लिहायला बसले. माझं आजोळ हेळवाकच्या वरच्या अंगाला. आजी म्हणायची, भूकंपानंतर कित्येक महिने माणसं घरं असून अंगणात झोपत होती आणि बाळंतिणीसुद्धा शेडमध्येच बाळंत झाल्या. तुमच्या आईनं तायडीला दगडावर ठेवून परत आत जाणं, तेही अठराव्या वर्षी. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

सह्यकडा लिहितो:

कोयनाकाठ, जमालपूरचा तो पत्राचा प्रसंग अण्णांनी सांगितला होता का? वेढा पडल्यावर ९५ ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी बलूचच्या कमांडरला, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदला, शरणागतीची चिठ्ठी पाठवली. ती घेऊन एक वयस्क गावकरी शत्रूच्या ठाण्यात गेला. सुलताननं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली आणि लिहिलं की पुढच्या भेटीत हातात लेखणीऐवजी स्टेनगन असू द्या. दुसऱ्याच रात्री ती चकमक झाली. ‘जमालपूर’ हा युद्धसन्मान आजही जंगी पलटणीच्या नावावर आहे.

पुढचा दिवस तर अजून मोठा. ११ तारखेला टांगाईलजवळ आपली २ पॅरा ही छत्रीधारी बटालियन विमानांतून उतरली, पुंगलीचा पूल ताब्यात घेतला, आणि १२ ला जमालपूरहून खाली आलेली १ मराठा, म्हणजे अण्णांची पलटण, तिला जाऊन मिळाली.

---

निवृत्त हवालदार लिहितो:

सह्यकडा यांनी बरोबर लिहिलंय, त्यात एक भर घालतो. २ पॅरा ही मुळातली ३ मराठा. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, तरी जवान मराठेच राहिले. म्हणजे पुंगलीच्या पुलावर मराठ्यांना मराठेच भेटले. आमचे जुने सुभेदारसाहेब सांगायचे, अंधारात ओळख पटवायची अडचणच आली नाही, पलीकडून कुणीतरी मराठीत शिवी हासडली. खरंखोटं देव जाणे, पण हे ऐकताना आम्ही रिक्रूट पोरं टाळ्या पिटायचो.

मी स्वतः पुष्कळ नंतरचा, दुसऱ्या बटालियनचा. पण उंबऱ्याचं वाचलं आणि थांबलो. माझी बायको म्हणते मी आजही पाठ भिंतीला लावूनच बसतो. ही सवय असते. अण्णांचं वेगळं होतं, त्यांनी ठरवून ड्यूटी लावून घेतली होती. ३६ व्या वर्षी डीएससी नाकारणं सोपं नाही हो. मी नाकारलं नाही. अजून नऊ वर्षं बाहेर काढली. पैसा आला, घर बांधलं. मुलगी दहावीला होती ते मला पत्रातून कळलं.

---

पिंपळपान लिहिते:

माझे आजोबा टपालवाले होते, माण तालुक्यात. फौजी घरांतली पत्रं वाचून दाखवायचं काम आपसूकच त्यांच्याकडं असायचं. ते सांगायचे, मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कुपन असतं, त्यावर दोन ओळींची जागा. फौजी नवरे त्या दोन ओळींत काय काय बसवायचे! पण कोयनाकाठ म्हणतात तसंच, सगळं चारचौघांत वाचलं जाणार म्हणून मोघम. ‘तब्येतीस जपणे’ एवढ्यात सगळं आलं. आजोबा वाचताना तेवढी ओळ मुद्दाम हळू वाचायचे आणि मग चष्मा पुसायच्या निमित्तानं थांबायचे. त्या बाईला ती ओळ दोनदा ऐकायची असते, हे त्यांना ठाऊक होतं.

एक विचारू? पत्त्यावरून पलटण कुठं आहे हे घरी कधीच कळत नसे का? आजोबांच्या वहीत नुसतं ‘५६ एपीओ’, म्हणजे फौजी टपालघराचा नंबर, एवढंच असायचं.

---

निवृत्त हवालदार लिहितो:

कळत नसे, आणि कळू नये म्हणूनच ते. नंबर, हुद्दा, नाव, कंपनी, पलटण आणि खाली एपीओ. ढोबळमानानं ५६ म्हणजे पश्चिम-उत्तरेकडं आणि ९९ म्हणजे पूर्वेकडं. घरच्या बायकांना एवढं बरोबर पाठ असायचं. छप्पन्नचं नव्याण्णव झालं की गावात कुजबुज सुरू.

---

रानवाट लिहितो:

अण्णांना नमन. पण मला एका गोष्टीचा मनापासून राग येतो. ७१ ला लढलेला माणूस, आणि शेवटच्या प्रवासाला तिरंगासुद्धा नाही? तुम्ही लिहिलं नाहीत, पण आमच्या गावात असंच झालं. हवालदार वारले, आम्ही पोरांनी दुकानातून झेंडा आणला होता, तर त्यांच्याच एका सोबत्यानं तो अंगावर घालू दिला नाही. आजही डोक्यातून जात नाही.

---

कोयनाकाठ लिहितो:

रानवाट, आमच्याकडंही अगदी हेच घडलं. वाडीतल्या पोरांनी झेंडा आणला होता. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेची मंडळी आली, सगळे हिरव्या टोप्या घालून, लाल-हिरवा तुरा लावून. त्यांच्यातल्या ८४ वर्षांच्या सुभेदारांनी पोरांना जवळ बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, ध्वजसंहितेत लिहिलंय, शासकीय किंवा लष्करी इतमामातला अंत्यविधी असेल तेव्हाच तिरंगा पांघरायचा, आणि तेव्हाही चितेला अग्नी द्यायच्या आधी तो काढून घडी करायचा. “अण्णानं सतरा वर्षं त्याला सलामी दिली. त्याच्या नावानं आपण नियम मोडायचा का?”

मग त्यांनी तो झेंडा पोरांच्या हातून घेतला, दोघांनी मिळून नीट घडी केली आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडं दिला. अण्णांच्या छातीवर त्यांची टोपी ठेवली आणि शेजारी पाटावर तीन पदकं: पूर्वी स्टार, संग्राम पदक आणि स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं पदक. सुभेदार काठी बाजूला ठेवून सावधानमध्ये उभे राहिले, त्यांचे गुडघे थरथरत होते. आठ म्हाताऱ्यांनी एकदम सॅल्यूट केला. बिगूल नव्हता. ‘बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय’ झालं आणि आम्ही उचललं.

तुमच्या गावच्या त्या सोबत्यावर राग ठेवू नका. सर्वांत जास्त त्यालाच वाटत असेल.

---

रानवाट लिहितो:

हे मला कुणी असं समजावून सांगितलंच नव्हतं. उद्या त्यांच्या घरी जाऊन येतो.

---

निवृत्त हवालदार लिहितो:

कोयनाकाठ, दुःखात कागदाचं बोलतोय, पण बोललंच पाहिजे. आईंच्या फॅमिली पेन्शनचं बघितलंत का? पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, त्यांचं नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच आहे का, हे पहिल्यांदा तपासा. ६६ सालच्या लग्नाचं रेकॉर्ड म्हणजे पलटणीच्या क्लार्कनं ऐकून लिहिलेलं नाव. एका वेलांटीवरून बायका दोन-दोन वर्षं फेऱ्या मारतात, माझ्या वहिनीला मारायला लागल्या. फरक असेल तर बेळगावच्या अभिलेख कार्यालयाकडं अर्ज करावा लागतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माणसं मदत करतात. मृत्यूची नोंद ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवरही करा. अण्णांच्या मागं आईंचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड चालू राहतं, त्यामुळं औषधांची काळजी नको. डिस्चार्ज बुकाची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, फोटोकॉपीच द्या.

---

कोयनाकाठ लिहितो:

खूप आभार. बघितलं, आणि नाव बरोबर निघालं. ट्रंकेत १९७८ सालचा एक अर्ज सापडला, आईच्या नावातली चूक दुरुस्त करून घेतल्याचा, खाली रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का. अर्जावर पत्नीची सही म्हणून आईची सही आहे. अंगठा नाही, सही.

---

दूरदेशी लिहिते:

मेलबर्नला रात्रीचे दोन वाजलेत, झोप येईना. माझे बाबा हवाई दलात तंत्रज्ञ होते, लढाई वगैरे त्यांच्या वाट्याला आली नाही. आईला अर्धांगवायू झाल्यावर सहा वर्षं त्यांनी तिचं सगळं केलं. पलंगावरची चादर रोज इतकी ताणून घालायचे की तिच्या पाठीला एकदाही जखम झाली नाही. सहा वर्षांत एकदाही नाही. डॉक्टरांनी नर्सना बोलावून दाखवलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, बॅरेकमध्ये साहेब चादरीची सुरकुती बोटानं बघायचा, तेव्हा वैताग यायचा.

बाबा गेले तेव्हा मला पोचता आलं नाही.

---

शेवंती लिहिते:

दूरदेशी, इथं लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही वाचतोय.

---

सह्यकडा लिहितो:

कोयनाकाठ, एक कळकळीची विनंती. ही पत्रं नीट स्कॅन करून घ्या. १९६८ ते ८० ची एका जवानाची पत्रं, तीही बायकोला वाचायला शिकवत लिहिलेली, असं काही मी आजवर पाहिलेलं नाही. आपल्याकडं सेनापतींच्या आठवणी छापल्या जातात, हवालदारांची पत्रं चुलीत जातात. आंतर्देशीय पत्राचा कागद पातळ, घडीवर फाटतो. लॅमिनेशन अजिबात करू नका, घड्या उघडून सपाट ठेवा, मध्ये आम्लविरहित कागद घाला. मी स्वतः येऊन मदत करायला तयार आहे. आणि डिसेंबर १९७१ चं पत्र असेल तर ते आधी करा.

---

पिंपळपान लिहिते:

सह्यकडांना अनुमोदन. पण आईंना विचारून.

---

शेवंती लिहिते:

परवा पुण्याला जाणार म्हणाला होतात. मग आता दाराशी कोण झोपतंय? विचारू नये असं वाटलं, तरी विचारते.

---

कोयनाकाठ लिहितो:

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, माफी असावी. पुण्याला पोचलोय.

निघायच्या आदल्या रात्री मी दादाला बॅटरी द्यायला गेलो. दादा गावीच असतो, त्यानंच चार्ज घ्यावा असं मनात होतं. आई मध्ये आली. बॅटरी माझ्या हातातून घेतली, सेल काढून बघितले, परत घातले आणि म्हणाली, “पहिल्यांदा कोण शिरलं होतं आत?” आम्ही दोघं गप्प. आता ती झोपते दाराशी. ७६ वर्षांची आहे. दादानं तिच्यासाठी खाली जाड गादी घातली, ती तिनं ठेवू दिली. अण्णांचे बूट मात्र तिथंच आहेत, तोंड दाराकडं करून.

पत्रांचं. सह्यकडा, तुम्ही सांगितलं तसा कागद आणला. रविवारी दुपारी आई, तायडी आणि मी ओटीवर बसून सगळी पत्रं उलगडली. १४३ भरली. आई भिंग घेऊन प्रत्येक पत्र आधी स्वतः वाचायची, मग तायडीकडं द्यायची, तायडी तारीख लिहायची, मी फोटो काढायचो. काही पत्रं आईनं मोठ्यानं वाचली. एकात अण्णांनी लिहिलंय की दंडावर डाग पडलाय, तो तुझ्या मेंदीसारखा दिसतो. तायडी लाजली, आई नाही लाजली. १९६८ ची तीन पत्रं घडीवर तुटली आहेत, बाकी चांगल्या अवस्थेत. तुम्ही दिवाळीनंतर याच, आई पिठलं-भाकरी करून घालेल म्हणते.

१९७१ च्या डिसेंबरचं पत्र आहे. १८ तारखेचं, वर द्वारा ९९ एपीओ. दोन्ही बाजू भरून, कडेला आडव्या ओळीही लिहिलेल्या, अक्षर अगदी बारीक. आईला तेव्हा सगळं वाचता येत होतं. तिनं ते वाचलं, बराच वेळ वाचलं. तायडीनं हात पुढं केला.

आईनं घडी घातली आणि पत्र कनवटीला खोचलं. “हे न्हाई,” म्हणाली. “हे मला लिव्हलंय.”